चरबीची जात

या देशात चरबीलाही जात आहे. गाईच्या दुधातून निघाली की ती तूप. निरांजनात जळते, होमात ओततात, भातावर पहिली धार तिचीच. त्याच गाईच्या अंगातून निघाली की ती विटाळ. आमच्या आज्यांनी ती कढवून गाडग्यात ठेवली, चान्यांच्या कालवणात सोडली, म्हणून गाव नाकाला पदर लावून गेलं.

आता प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीला विचारा. तिला जानवं दिसत नाही. तुपातला निम्म्याहून जास्त भाग संपृक्त चरबीचा. गाईच्या चरबीतला साधारण निम्मा. संपृक्त म्हणजे थंडीत थिजणारी, आणि जास्त पोटात गेली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी. दोघी सख्ख्या बहिणी. एकीला देव्हारा, दुसरीला हाडोळा.

म्हणून मी चरबीची आरती ओवाळायला बसलो नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं, ते माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. आज्यांनी चरबी खाल्ली ती तेलाला पैसा नव्हता म्हणून. भुकेला परंपरेचा शेंदूर फासायची गरज नाही. पण तुपाला अमृत म्हणणाऱ्यांचंही ऐकून घ्यायची गरज नाही.

दोस्तांनो, या देशाला चरबीचा राग कधी येतो ते बघा. १८५७ साली काडतुसाला गाईडुकराची चरबी लावल्याच्या बोलवेवर पलटणी उठल्या. १९८३ साली वनस्पती तुपात परदेशी गाईची चरबी मिसळल्याचा बोभाटा झाला. संसद दणाणली, सरकारने चरबीची आयात बंद केली. २०२४ साली तिरुपतीच्या लाडवातल्या तुपावर आरोप झाला, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. धर्म बाटला की देश जागा होतो.

आणि गरिबाची रक्तवाहिनी बुजली तर?

१९३७ साली लिव्हर कंपनीचा डालडा बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. गरिबाचं तूप. पातळ तेलात निकेलच्या मदतीने हायड्रोजन दाबून भरायचा, तेल थिजून तुपासारखं होतं. हे काम अर्धवट ठेवलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होते. सगळ्या चरबीत ही खरी हरामखोर. बाकीची वाईट चरबी वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. ही वाईट वाढवते आणि वर चांगलं कमी करते. १९९० साली हॉलंडच्या संशोधकांनी हे माणसांवर तपासून छापलं. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची २ टक्क्यांची मर्यादा लागू झाली जानेवारी २०२२ मध्ये. पुरावा छापल्यापासून ३२ वर्षं. या ३२ वर्षांत लग्नाच्या पंगतीतली बुंदी, टपरीवरची खारी, पोरांच्या हातातला स्वस्त बिस्किटाचा पुडा कशात बनत होता? त्यासाठी कुठे पलटण उठली नाही. कारण त्यात गाय नव्हती, नुसता माणूस होता.

आता डालड्याच्या जागी पामतेल बसलं. त्यात ट्रान्स फॅटचं लफडं नाही म्हणण्याइतकं कमी, पण निम्मं संपृक्त. देश खाण्याच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा. इंडोनेशिया, मलेशियातून जहाजाच्या टाकीत येतं, धक्क्यावर नळाने उतरतं. त्याला हमालाची पाठही लागत नाही. आमच्यापर्यंत ते येतं थेट वड्यातून.

आणि इकडे इंझोरी. शिवारात सोयाबीन, कपाशी, तूर. सोयाबीनच्या दाण्यात पाचवा हिस्सा तेल असतं, आणि ते बरंचसं असंपृक्त, म्हणजे काळजाला सोसणारं. ते आम्ही पेरतो, निंदतो, सोंगतो, कारंजाच्या बाजारात पडेल त्या भावाने टाकतो. आणि २०२२ च्या दिवाळीला सरकार १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' देतं, त्यात एक लिटर पामतेल! काऊन बावा? सोयाबीनच्या जिल्ह्यात ताडाचं तेल काऊन?

पांढरपेशे डॉक्टर म्हणतात, तेलकट खाऊ नका. मजुराला हे सांगणं म्हणजे चेष्टा आहे. पिठातल्या एक ग्रॅम पिष्टातून ४ उष्मांक मिळतात, एक ग्रॅम तेलातून ९. दिवसभर ओझं उचलणाऱ्याला स्निग्ध लागतंच. प्रश्न खायचं की नाही हा नाही. कोणतं, किती, आणि ते कोण ठरवणार, हा आहे.

तर साधा हिशेब. शेंगदाणा, तीळ, करडई, सोयाबीन यांचं तेल पामतेल-वनस्पतीपेक्षा बरं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-३ असतं, जे श्रीमंत लोक गोळीतून विकत घेतात. आपल्या मायबहिणी जवस भाजून, कुटून, लाल तिखट घालून भाकरीवर देत आल्या. कुटलेलंच खा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो. तूप आवडलं तर चमचाभर खा, देव म्हणून नको. चांगलं तेलसुद्धा कढईत आठवडाभर काळं होईस्तोवर उकळलं की चांगलं राहत नाही. २०१८ पासून त्याचाही कायदा आहे: तळून तळून तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. तो कायदा नाक्यावरच्या कढईपर्यंत कधी पोचणार?

म्हणून मागायचं ते हे. शिध्यात पामतेल नको, जिल्ह्यातल्या पिकाचं तेल द्या. बचत गटांना घाणी द्या, कर्ज द्या. अंगणवाडीत, आश्रमशाळेत कोणतं तेल वापरता ते भिंतीवर लिहा. टपरीवाल्याला दंड मारण्याआधी त्याचं वापरलेलं तेल भाव देऊन उचला. त्याचं बायोडिझेल होतं, आणि तोही आमच्यातलाच पोटार्थी आहे. पुड्यावरची बारीक अक्षरं मराठीत आणि मोठी छापा.

पाण्यासाठी तळं गाठावं लागलं. तेलासाठी तहसील गाठू. भूक आमची आहे, काळीजही आमचंच आहे. त्यात काय जाईल ते आम्ही ठरवू.