तुटक दुबार रेघ

गावाचा नकाशा काढून बघा. त्यावर दोन सलग रेघांनी दाखवलेला असतो तो ग्रामीण रस्ता, दोन तुटक रेघांचा तो गाडीमार्ग आणि एकाच तुटक रेघेची ती पायवाट. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली असते. बैलगाड्या कमी झाल्या, पण ही तुटक दुबार रेघ नकाशावरून गेलेली नाही. गेली काही वर्षं मी जाड टायरची सायकल घेऊन या रेघा शोधत हिंडतो आहे. सायकल चालवायला महाराष्ट्रात याहून चांगली जागा नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मी हिंडतो तो साताऱ्याचा पूर्व भाग. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तोही बेभरवशाचा. खाली फलटणला निरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, त्यामुळे पाटाच्या खाली ऊस दिसतो आणि पाटाच्या वर जिरायत सुरू होते. मोगराळे घाट चढून माणमध्ये आलं की ऊस मागे पडतो. ज्वारी, बाजरी, मटकीची रानं, मधूनमधून डाळिंब, आणि बाकी सगळा माळ. दहिवडीकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर ट्रक, एसटी, जीपगाड्यांची वर्दळ असते. पण डावी-उजवीकडची एखादी पाणंद धरून पाच मिनिटं आत गेलात की हॉर्न ऐकू येत नाही. तासाभरात भेटलाच तर दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला, नाहीतर एखादा ट्रॅक्टर.

माझ्या या जाड टायरच्या सायकलला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचे आणि हवा बेताची. शर्यतीच्या सायकलीत याहून बरीच जास्त हवा मारतात. इथे पस्तीस पीएसआयच्या आसपास पुरते, कारण टायर दगडावर दबायला हवा, उडायला नको. वाट मुरमाची असेल तर चाक करकरत छान पळतं. पाऊस पडून गेला तरी मुरमातलं पाणी लवकर निचरतं. काळ्या रानात मात्र शिरू नये. ओली काळी माती टायरला थरावर थर चिकटते, चाक आणि चिमटा यांच्यामध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडीने माती उकरायची आणि सायकल खांद्यावर घ्यायची. पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवस थांबावं, हे उत्तम.

काट्यांचं वेगळंच. वेडी बाभूळ जिथे तिथे माजली आहे आणि तिचा काटा चपलेच्या तळातूनही आरपार येतो. सराटे तर वाटेवरच पसरलेले. म्हणून ट्यूब काढून टाकायची आणि टायरमध्ये चिकट द्रव भरायचा. काटा उपटला की सुस्स करून हवा सुटते, भोक खालच्या बाजूला घेऊन चाक फिरवलं की द्रव त्या भोकात जाऊन घट्ट होतो. पांढरा थेंब टायरवर सुकतो आणि आपण पुढे निघतो. ऑक्टोबरात पायमोज्यांत अडकणाऱ्या कुसळांवर मात्र अजून काही इलाज निघालेला नाही. कुठेतरी बसून एकेक कुसळ उपटावंच लागतं.

ग्रॅव्हल सायकलींची एक मोठी शर्यत 2006 साली अमेरिकेत, कॅन्सासमधल्या एम्पोरिया गावात सुरू झाली. तिथल्या फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांमधून ती जाते. त्या टेकड्यांचं गवत टिकलं, कारण मातीचा थर पातळ आणि खाली लगेच दगड. नांगर चालेना, म्हणून लोकांनी तिथे गुरं चारली. आपला माळ याच कारणाने टिकला आहे. वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. तिकडे त्या गवताचा लोकांना अभिमान आहे. आपल्याकडे सरकारी दप्तरात माळाची गणना पडीक जमिनीत होते, आणि पडीक म्हटलं की कुणीही यावं, खोदावं, कुंपण घालावं.

हा माळ पडीक नाही हे मोटारीतून कळत नाही. सायकलवरून कळतं. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं हाताच्या अंतरावरून जातात. चंडोल पुढ्यातून उठतो आणि पन्नास पावलांवर पुन्हा बसतो. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, तीही खड्यांच्या रंगाची. त्यामुळे गाडीची चाकोरी सोडून गवतात सायकल घालायची नाही हा माझा नियम आहे, आणि मार्चनंतर तर तो दुप्पट कडक.

वाटेत मेंढरं भेटतात. एकदा वळणावरच वाडा बसलेला होता आणि चार कुत्री अंगावर धावून आली. मी वेग वाढवणार तोच बाभळीखालून म्हातारबांचा आवाज आला, ‘‘पळवू नका पाव्हणं! खाली उतरा, सायकल हातात धरा आन् सावकाश चाला. कुत्री माणसाला वळखत्यात, चाकाला न्हाई.’’ उतरलो. सायकल मध्ये धरून चाललो. कुत्री गुरगुरत मागे फिरली. म्हातारबांनी चरवीतलं पाणी दिलं आणि पुढची वाट सांगितली, ‘‘वढा वलांडला की खालच्या अंगाला जावा. वरली वाट आता बंद केलीया.’’

ती वरची वाट मी नकाशावर बघितली होती. रेघ स्पष्ट होती. प्रत्यक्षात तिथे तारेचं कुंपण होतं आणि आत नांगरट. असं फार ठिकाणी झालं आहे. दर नांगरटीला एक तास वाटेत सरकतं. यंदा एक, पुढच्या साली एक, आणि पंधरा-वीस वर्षांत साडेसोळा फुटांच्या गाडीमार्गाची पायवाट उरते. माझं काय, मी दुसऱ्या वाटेने जाईन. पण त्या वाटेच्या टोकाला ज्याचं रान आहे त्याचा ट्रॅक्टर अडतो, डाळिंबाची क्रेट डोक्यावरून वाहावी लागतात, आणि भाऊबंदकीत डोकी फुटतात ती अशा वाटांपायीच. कायदा आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देऊ शकतात. वाटच नसेल तर महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून ती मागता येते. पण अर्ज करणाऱ्याला तारखांमागून तारखा काढाव्या लागतात आणि शेजाऱ्याशी वैर घ्यावं लागतं, म्हणून लोक गप्प बसतात.

पाणंद मोकळी झाली की लगेच तिच्यावर काँक्रीट ओतायची घाई होते, तीही मला पटत नाही. जिथे काळी माती आहे, पावसाळ्यात शाळेला जाणारी मुलं गुडघाभर चिखलातून जातात, तिथे पक्का रस्ता व्हायलाच हवा, त्यात दुमत नाही. माळावरच्या वाटेला मात्र चांगला मुरूम आणि बाजूने पाणी जायला चर पुरते. ट्रॅक्टर जातो, मेंढरांच्या खुरांना त्रास होत नाही, आणि सुसाट गाड्या तिकडे वळत नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या वाटांचे दिवस आहेत. सायकल कुठलीही चालेल, टायर जरा जाड असावेत. पाणी भरपूर न्या, गाणी लावणारा स्पीकर घरी ठेवा, फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. आणि तुमचं स्वतःचं गाव असेल, तर आधी गावाचा नकाशा काढा, त्यावरच्या तुटक दुबार रेघा मोजा आणि त्यातल्या किती वाटा जमिनीवर शिल्लक आहेत ते फिरून पाहा. ज्या बुजल्या आहेत त्यांची यादी येत्या ग्रामसभेत ठेवा.