ल्युपस आणि नेमाची गोळी

घरातील मुलीला किंवा सुनेला ल्युपस झाल्याचे निदान झाले, की पुष्कळ कुटुंबांत औषधाच्या आधी चर्चा होते ती आजार लपवण्याची. मुलगी उपवर असेल तर सोयरिकीची चिंता, सून असेल तर दोन्हीकडच्या मंडळींची बोलणी. शेवट मात्र सारखाच होतो. गोळ्या कपाटाच्या आतल्या कप्प्यात जातात, पाहुण्यांसमोर घेतल्या जात नाहीत आणि चार महिने बरे वाटले की बंद पडतात. ल्युपसविषयी गेल्या पंधरा वर्षांत झालेले संशोधन मोठे आशादायक आहे. परंतु जिथे गोळीच लपवली जाते, त्या घरापर्यंत त्याचा लाभ पोहोचत नाही. म्हणून हा आजार, त्यातील गुंतागुंत आणि नव्या उपचारांची खरी स्थिती यांची ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

आजाराचे स्वरूप

रोगप्रतिकारशक्ती ही शरीराची राखणदार. बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखून ती त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ल्युपसमध्ये या राखणदाराची ओळख चुकते आणि तो घरच्याच माणसांवर धावून जातो. स्वतःच्या पेशींतील केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात; सांधे, त्वचा, रक्तपेशी, मूत्रपिंड, हृदय, फुप्फुसे, मेंदू यांपैकी कोणत्याही अवयवावर त्यांचा मारा होऊ शकतो. ‘ल्युपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरचे व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, असे जुन्या वैद्यांना वाटले आणि ते नाव टिकले.

सांधे दुखणे व सुजणे, नाक आणि गालांवर फुलपाखराच्या आकाराची लाली, उन्हात गेल्यावर वाढणारे पुरळ, केस गळणे, तोंडात वारंवार व्रण, रेंगाळणारा ताप आणि विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही त्याची नेहमीची लक्षणे. दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि आजार बहुधा तरुण वयात सुरू होतो. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, स्पर्शाने किंवा सहवासाने तो कोणालाही होत नाही.

भारतात दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या आणि १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ३.२ रुग्ण आढळले. पाश्चात्त्य देशांतील प्रमाण याहून बरेच अधिक आहे. महाराष्ट्रात परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेने पश्चिम भारतातील ल्युपस रुग्णांच्या प्रतिपिंडांचा व जनुकांचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. म्हणजे हा दूरदेशीचा आजार नव्हे. आपल्याच बाजारपेठांतून, आपल्याच घरांतून तो आहे.

हा आजार स्त्रियांनाच अधिक का, याचा एक धागा २०२४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या हाती लागला. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एक ‘झिस्ट’ नावाचा रेणू शांत ठेवतो. या रेणूला चिकटलेल्या प्रथिनांनाच रोगप्रतिकारशक्ती कधी कधी शत्रू समजते, असे दिसून आले. त्याआधी २०२२ मध्ये स्पेनमधील एका मुलीच्या जनुकात एकच अक्षर बदललेले आढळले. तेवढ्याने तिची रोगप्रतिकारशक्ती अतिसंवेदनशील झाली होती. सर्वच रुग्णांत एवढे स्पष्ट जनुकीय कारण सापडत नाही. तरीही ‘हिने खाण्यापिण्यात हयगय केली’ किंवा ‘माहेरहून दुखणे आणले’ या बोलण्याला विज्ञानात कोणताही आधार नाही, एवढे निश्चित.

मूत्रपिंडाचा मुका धोका

ल्युपसच्या गुंतागुंतींत मूत्रपिंडाचा दाह हा सर्वांत गंभीर. सुमारे ४० टक्के रुग्णांना तो आजारपणात केव्हातरी गाठतो आणि आरंभी त्यात काहीही दुखत नाही. सांधा दुखला तर माणूस वैद्याकडे जातो. मूत्रपिंड मात्र बरेचसे निकामी होईपर्यंत तक्रार करीत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागणे ही त्याची पहिली खूण. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून अधिक प्रथिने जात असतील, तर मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा काढून तपासण्याचा, म्हणजे बायोप्सीचा, सल्ला दिला जातो. त्यावरून उपचारांची दिशा ठरते.

येथे शहर आणि खेडे यांतील अंतर महत्त्वाचे ठरते. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर, सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यात पासली हे गाव आहे. तिथल्या एखाद्या दुकानदाराच्या घरी असा रुग्ण असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवण्यासाठी वेल्हे, नसरापूर आणि मग महामार्गाने पुणे असा प्रवास करावा लागतो. दुकान बंद ठेवून, आषाढ-श्रावणातील मुसळधारेत दर महिन्याला ही फेरी घडणे कठीण. परंतु जी तपासणी मूत्रपिंड वाचवते तिला पुणे गाठावे लागत नाही. लघवीत बुडवण्याची, प्रथिने असल्यास रंग बदलणारी साधी पट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र, एवढ्याने पहिली चाहूल लागते. जवळच्या डॉक्टरांकडून किंवा प्रयोगशाळेतून ही तपासणी ठरल्या तारखेला, साधारण तीन महिन्यांनी एकदा, करून घ्यावी आणि आकडे वहीत लिहून ठेवावेत. लघवीला फेस येणे, पायांवर वा डोळ्यांभोवती सूज, रक्तदाब वाढणे यांपैकी काही दिसले, तर पावसाचे दिवस संपण्याची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात पुणे गाठावे.

सांधेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, हेही या घरांनी विसरू नये.

इतर गुंतागुंती

सततच्या दाहामुळे रक्तवाहिन्या अकाली कठीण होतात. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील १९९७ च्या अभ्यासात ३५ ते ४४ वयोगटातील ल्युपसग्रस्त स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या तुलनेत पन्नासपटीहून अधिक आढळला. म्हणून चाळिशीच्या आतील रुग्णेच्या छातीत दुखले, तर ते ‘पित्त’ म्हणून सोडून देता येत नाही. काही रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते. वारंवार गर्भपात हे तिचे एक लक्षण. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे क्षयासारखे संसर्ग बळावू शकतात. स्टिरॉइडच्या दीर्घ वापराने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

जुनी गोळी, नवी औषधे

या सर्वांवरचा आधार म्हणून आजही एका जुन्या गोळीचे नाव घेतले जाते : हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मूळची ही हिवतापाच्या औषधांच्या कुळातली. १९९१ मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी, आजार शांत असलेल्या ४७ रुग्णांवर एक महत्त्वाचा प्रयोग केला. २५ जणांची गोळी चालू ठेवली. २२ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ९ जणांचा आजार उसळला, तर दुसऱ्या गटातील १६ जणांचा. ‘आता बरे वाटते, मग गोळी कशाला?’ या घरोघरच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनातही हीच गोळी, निषेध नसल्यास, प्रत्येक रुग्णाला सुचवली आहे. दिवसाचे प्रमाण वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम. स्टिरॉइड मात्र शक्य तितके कमी, दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याखाली आणून, जमल्यास क्रमाने बंद करावे, असे तेच मार्गदर्शन सांगते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा दीर्घकाळात डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. म्हणून आरंभी एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करावी.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या धास्तीने हीच गोळी लोकांनी साठवून ठेवली आणि ज्यांचे आयुष्य तिच्यावर चालते, त्या ल्युपस रुग्णांना ती मिळेनाशी झाली. करोनाने रुग्णालयात दाखल झालेल्यांना तिचा उपयोग होत नसल्याचे त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत दिसले. औषध-व्यवसायातील समाजबंधूंनी तो काळ स्मरणात ठेवावा. नित्याच्या रुग्णासाठी राखलेली एक पट्टी हा अपरिग्रहाचाच व्यवहार आहे.

नवी औषधेही आली आहेत. २०११ मध्ये बेलिमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. अर्धशतकाहून अधिक काळानंतर ल्युपससाठी आलेले ते पहिले औषध. २०२१ मध्ये अनिफ्रोलुमॅब आणि मूत्रपिंडाच्या दाहासाठी व्होक्लोस्पोरिन आले. सर्वांत विलक्षण वार्ता जर्मनीतील एर्लांगेनची. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढून, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींना ओळखून नष्ट करण्याची शक्ती त्यांना द्यायची आणि त्या पुन्हा शरीरात सोडायच्या, अशी ही ‘कार-टी’ पद्धती. २०२१ मध्ये एका वीस वर्षांच्या तरुणीवर तिचा प्रयोग झाला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५ रुग्णांच्या अहवालात ल्युपसचे आठही रुग्ण औषधांविना रोगमुक्त स्थितीत होते.

याच तत्त्वावरील ‘नेक्सकार-१९’ हा उपचार आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. मात्र ती मान्यता रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नव्हे. एर्लांगेनच्या रुग्णांची संख्या अल्प आहे, अनुभव थोड्या वर्षांचा आहे, तीव्र दाह व संसर्गाचे धोकेही आहेत. तेव्हा ‘अमुक ठिकाणी एका इंजेक्शनने ल्युपस बरा होतो’ अशा जाहिरातीमागे कोणी धावू नये. उद्याच्या उपचारापर्यंत मूत्रपिंडे शाबूत ठेवण्याचे काम आजची गोळीच करणार आहे.

व्रत, तप आणि औषध

चातुर्मासात आणि पर्युषणात या घरांपुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो : उपवास, आयंबिल, अठ्ठाई करावी काय? आणि चौविहाराचा नेम असताना गोळी केव्हा घ्यावी? हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा दिवसातून एकदा, अन्नाबरोबर घेता येते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाशी तिची वेळ सहज जुळते. डॉक्टरांना नियम मोकळेपणाने सांगितला, तर तेही औषधांच्या वेळा तशा बसवून देऊ शकतात.

स्टिरॉइडची गोष्ट निराळी. काही आठवडे ते घेतले, की शरीर स्वतःचे तत्सम संप्रेरक बनवणे कमी करते. अशा वेळी अठ्ठाईसाठी गोळी एकाएकी थांबवली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना पाण्यावाचूनचा दिवसही धोक्याचा. पच्चक्खाणात आगार सांगितले आहेत आणि गंभीर पीडेत समाधी टिकवण्यासाठी औषध घेण्याची मोकळीक त्यांतच अंतर्भूत आहे. साधू-साध्वीजींना विचारून असा रुग्ण स्वाध्याय, सामायिक, मौन, रसत्याग यांतून तप करू शकतो. असाता वेदनीय कर्माचा उदय समभावाने सहन करणे हा धर्म आहे. औषध टाळून त्या उदयाला हातभार लावणे हा धर्म नव्हे.

विवाह आणि मातृत्व

ल्युपस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया आज सुरक्षितपणे माता होऊ शकतात. अट एवढीच, की किमान सहा महिने आजार शांत असावा आणि गर्भधारणा डॉक्टरांशी ठरवून झालेली असावी. मायकोफेनोलेटसारखी औषधे गर्भाला अपायकारक असल्याने ती आधीच बदलावी लागतात; हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र गर्भारपणातही चालू ठेवायची असते. काही मातांच्या रक्तातील ‘रो’ नावाच्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या हृदयाची विद्युत्-वाहिनी खंडित होऊ शकते. आधीच्या अपत्याला हा विकार झाला असल्यास पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्या अशा ५४ गर्भधारणांपैकी केवळ ४ मध्ये तो उद्भवला.

आता लपवण्याचा परिणाम पाहावा. सासरी कळू नये म्हणून नवी सून नेमकी हीच गोळी थांबवते आणि जे औषध बदलायला हवे, त्याची वाच्यता न झाल्याने ते गर्भ राहिल्यावरही चालू राहते. दोन्ही चुका ती अज्ञानाने करीत नाही, भीतीने करते. ही भीती काढण्याचे सामर्थ्य औषधात नाही, ते वडीलधाऱ्यांच्या शब्दात आहे. सोयरीक ठरताना दोन्ही घरांनी डॉक्टरांसमोर एकत्र बसावे, कागद उघडे ठेवावेत आणि निर्णय घ्यावा. व्यापारात मालाचा दोष सांगूनच सौदा करणाऱ्या पेढीची पत वाढते. नात्यांतही सत्याने पत वाढते.

आणि सून घरात आल्यावर सासूबाईंनी एवढे करावे : जेवणाच्या पाटाशी पाण्याचा पेला ठेवताना तिची गोळीही शेजारी ठेवावी, सर्वांच्या देखत.