‘गावरान’ म्हणणाऱ्यांनी एकदा खुराडे झाडावे

ग्रामीण साहित्यावरील चर्चासत्रांत ‘अस्सल गावरान’ हे विशेषण ज्या सढळ हाताने वाटले जाते, त्याबद्दल आमची तक्रार आहे. भाषा अस्सल गावरान, अनुभव अस्सल गावरान, प्रतिमासृष्टीबद्दल तर बोलायलाच नको. हे विशेषण एकदा लावले की पुढे काही सिद्ध करावे लागत नाही. वक्ते टाळ्या घेतात, अध्यक्ष समारोप करतात आणि मंडळी जेवायला उठतात. पानात गावरान कोंबडीचा रस्सा असला तर त्याच शब्दाची दुसऱ्यांदा तारीफ होते. या वेळची तारीफ मात्र मनापासून असते.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. तालुक्याच्या गावी आमची घरे शेजारी-शेजारी आहेत आणि त्यांच्या सामाईक परसात २०२० च्या टाळेबंदीपासून आम्ही कोंबड्या पाळतो. आज लहानमोठ्या मिळून चौदा आहेत. एवढ्या भांडवलावर समीक्षेविषयी बोलणे काहींना पोरकट वाटेल. आमच्या मते मात्र या लाडक्या शब्दाची पारख करायला खुराड्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

आधी बाजारातला ‘गावरान’ पाहू. तपकिरी कवचाचे अंडे या नावाने चढ्या दराने विकले जाते आणि गिऱ्हाईक ते श्रद्धेने घेते. वस्तुतः कवचाचा रंग कोंबडीच्या वाणावर अवलंबून असतो. पिंजऱ्यात ठेवल्या जाणाऱ्या काही संकरित जातीही तपकिरी अंडी देतात. खास परसात पाळण्यासाठी हैदराबादच्या संशोधन संस्थेने वनराज आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज हे वाण विकसित केले. देशी कोंबडीपेक्षा ते पुष्कळ जास्त अंडी देतात. पण या सुधारणेत खुडूक बसण्याची वृत्ती मागे पडली. अशी कोंबडी सहसा अंडी उबवत नाही. तिची पिले हवी असतील तर विकत आणावी लागतात, नाहीतर तिची अंडी देशी कोंबडीखाली ठेवावी लागतात. म्हणजे अंडी वाढली, पण पुढची पिढी घडवण्याचे काम पाळणाऱ्या बाईच्या हातून दुकानाकडे गेले. या वाणांशी आमचे वैर नाही. आमच्याकडेही त्यांपैकी दोन आहेत. मात्र अंडे कोणी घातले, ते कोणी उबवले आणि पैसे कोणाच्या हाती गेले, हे तिन्ही प्रश्न ‘गावरान’ ही एक पाटी गिळून टाकते. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या योजनांत फसवणूक झाल्याच्या तक्रारी घेऊन अनेक शेतकरी पुढे आले. तेथेही कोंबडीपेक्षा तिच्याभोवतीचे देशीपणाचे वलयच अधिक विकले गेले होते.

समीक्षेच्या बाजारात याहून वेगळे काय चालते? भालचंद्र नेमाडे यांनी १९८० च्या दशकात देशीवाद मांडला, तेव्हा भाषा, भूमी आणि परंपरा यांच्याशी साहित्याचे नाते तपासण्याचा आग्रह त्यामागे होता. त्यांच्याशी सहमत व्हावे की नाही हा स्वतंत्र प्रश्न आहे. पण त्या मांडणीत वाचणाऱ्यावर काही जबाबदारी तरी टाकलेली होती. आज आमच्या वर्गांत आणि शोधनिबंधांत त्यातली केवळ पाटी शिल्लक आहे. तपकिरी कवच दिसले की आम्ही अंडे गावरान ठरवून मोकळे होतो.

परिणामी ललित लेखांतला कोंबडा पहाटे एकदाच आरवतो आणि लगेच जात्यावरच्या ओव्या सुरू होतात. आमचा कोंबडा रात्री तीनला सुरुवात करतो, भर दुपारी आरवतो आणि मोटारसायकल गेली तरी आरवतो. त्याच्यावरून मागच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी आमच्याशी वर्षभर अबोला धरला होता. ललित लेखांतल्या कोंबड्या घाणही करत नाहीत. प्रत्यक्षात रोज सकाळी खुराडे झाडावे लागते, उवा होऊ नयेत म्हणून राख पसरावी लागते, संध्याकाळी डोकी मोजून दार लावावे लागते. एके रात्री कडी नीट बसली नाही. मुंगसाने चार कोंबड्या मारल्या आणि त्यांपैकी एकच नेली. कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते, तेव्हा तिच्या तोंडाशी दाणापाणी ठेवावे लागते. गेल्या खेपेस अकरा अंड्यांतून नऊ पिले निघाली. दोन घारीने नेली, एक कावळ्याने नेले आणि एक पाण्याच्या पसरट भांड्यात बुडाले.

हे सारे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मावशींनी शिकवले. खुडूक, तलंग, डालगे, निम्म्या वाट्याने दिलेली कोंबडी, हे शब्द आम्हाला ऐकून माहीत होते. त्यांचा उपयोग त्यांनी समजावला. निम्म्या वाट्याची रीत अशी: कोंबडी एकीची, सांभाळणारी दुसरी, पिले दोघींत अर्धी-अर्धी. जमिनीचा सातबारा ज्यांच्या नावावर कधी चढला नाही, अशा बायकांनी आपसांत चालवलेला हा भांडवलाचा व्यवहार आहे. आमच्या समीक्षेत बैल आहे, विहीर आहे, बांधावरची भांडणे आहेत. हा व्यवहार मात्र तेथे क्वचितच येतो.

मानमोडीची गोष्ट तर सांगायलाच हवी. पशुवैद्यक जिला राणीखेत म्हणतात तीच ही. कोंबडी हिरवट-पांढरे हगते, तोंड उघडून श्वास घेते, मान पिळवटते, आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. यावर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पण बाटली सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की थोड्या वेळातच संपवावी लागते. पाच हजार पक्ष्यांच्या शेडला ही अडचण नाही. सहा कोंबड्यांच्या घराला आहे. पहिल्या वर्षी आम्ही लस आणली नाही आणि नऊ कोंबड्या पुरल्या. मावशी एवढेच म्हणाल्या, ‘‘सर, शंभराची बाटली एका घराला कशी पुरायची? घरं गोळा करावी लागतात.’’ आता त्या बारा घरांचा एक दिवस ठरवतात. अंधार पडून कोंबड्या खुराड्यात शिरल्या की थर्मासात बर्फ घालून आम्ही घरोघर फिरतो. आमचे त्यातले काम बर्फ आणण्याचे.

येथे स्वतःविषयी एक कबुली द्यायला हवी. आमच्या नऊ कोंबड्या मेल्या तेव्हा आम्हाला दुःख झाले. पगार मात्र महिन्याच्या महिन्याला झाला. ज्या घरात त्या नऊ कोंबड्यांवर मीठमिरची आणि वह्या चालतात, तेथे त्या दुःखाला आकडा असतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आढळला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या काही खेड्यांत परसातल्या कोंबड्याही गोळा करून मारण्यात आल्या. रोग आवरण्यासाठी ते आवश्यक असते, हे मान्य. पण भरपाई पक्ष्यामागे मोजली जाते. अंड्यांवर अठरा दिवस बसलेली कोंबडी आणि निम्म्या वाट्याने आणलेली कोंबडी यांचा वेगळा हिशेब त्या तक्त्यात बसत नाही. तो फरक सांगणारे शब्द मराठीत आहेत. ते शब्द वाचायला आणि वाचून दाखवायला नेमलेली माणसे आम्हीच आहोत.

आणि आम्ही काय करतो? आमच्यापैकी एकाने कोंबड्या पाळण्यापूर्वी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. ग्रामीण कथेतील स्त्रीचित्रणावर प्रश्न होता. एका मुलीने लिहिले होते, की कथेत बैल विकण्याचा प्रसंग दोन पाने चालतो आणि बायकोने कोंबड्या विकल्याचे एका ओळीत उरकले आहे. पण त्या घरात त्या महिन्यात चूल पेटली ती त्या एका ओळीमुळे. पुढे तिने स्वतःच्या आईचा हिशेब लिहिला होता: किती अंडी विकायची, किती खुडुकीखाली ठेवायची, आणि परीक्षेची फी त्यातून कशी भरली. समासात लाल शाईने शेरा पडला, ‘विषयांतर’. दहापैकी चार गुण. उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली. मुलगी पुढे एम.ए.ला आली नाही. या दोन गोष्टींचा संबंध असेलच असे नाही, पण त्या संपूर्ण गठ्ठ्यात कथा नीट वाचलेली तीच एक होती.

यावर ठरलेला आक्षेप येईल, की तुम्ही साहित्याला समाजशास्त्राच्या दावणीला बांधता आहात. आमचे उत्तर असे: दोन पाने आणि एक ओळ यांतले प्रमाण हा निवेदनाचाच प्रश्न आहे. त्या मुलीने संहितेतले मोजमाप पाहिले होते. आम्ही संहिता बाजूला ठेवून पाटी पाहिली होती. दुसरा आक्षेप हळहळीचा आहे: हे जगच आता लोप पावत चालले आहे, त्याच्या आठवणी तरी जपू द्या. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात परसातल्या कोंबड्या-बदके सुमारे ३१.७ कोटी होती आणि २०१२ च्या तुलनेत ती सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. कोंबड्या वाढत असताना आम्ही त्यांच्यावर मृत्युलेख लिहीत होतो.

म्हातारीने कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण आम्ही वर्गात अर्थासह शिकवतो आणि मुले म्हातारीला हसतात. पण म्हणीतले कोंबडे तिचे आहे, हे म्हण रचणाऱ्यांना माहीत होते. ती म्हातारी कोंबडे पाळून काय खात होती, हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी कोणी वर्गात विचारला?

असो. आमची मागणी लहानशी आहे. पुढील चर्चासत्रात ज्यांना ‘अस्सल गावरान’ म्हणावयाचे असेल, त्यांनी म्हणावे. मात्र त्याच वाक्यात त्या गावात कोणते काम कोण करते आणि त्या कामाचे शब्द संहितेत कोठे आहेत, हेही सांगावे. ते जमत नसेल तर आमच्याकडे यावे. येत्या बुधवारी संध्याकाळी लसीचा दिवस आहे. बारा घरे फिरायची आहेत आणि कोंबड्या धरायला माणसे कमी पडतात.