उभा कापलेला डोंगर

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाबद्दल शंका काढली की ठरलेले उत्तर मिळते: झाडी पाहुण्यांना हवी, राहणाऱ्यांना रस्ता हवा. यातले निम्मे खरे आहे. जुन्या दुपदरी रस्त्याच्या वळणांवर कोकणाने फार माणसे गमावली, आणि आजाऱ्याला वेळेत रुग्णालयात नेणारा रस्ता नको म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण कोकणचा डोंगर म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांचे सुख, हे त्या उत्तरामागचे गृहीतक साफ चुकीचे आहे.

माथ्यावरच्या जांभ्याच्या सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि उतारावर झरा होऊन फुटतो. वाडीची विहीर, पऱ्याचे पाणी, पोफळीची बाग त्याच्याच जिवावर असते. हा उतार पायथ्याशी उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, आणि आषाढात भिजून जड झालेली माती खाली येते. परशुराम घाटात रुंदीकरणासाठी डोंगर कापला. मग दरडींच्या भीतीने तोच रस्ता पावसाळ्यात बंद ठेवावा लागला आणि खालच्या पेढे गावाच्या उशाशी धोका बसला. खरे तर हा धडा कोकण रेल्वेने आधीच घेतला होता. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ कटिंगमधली दरड रुळांवर आली, गाडी घसरली, पन्नासच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर रेल्वेने कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या बसवल्या. पावसाळ्यात तिथे गाड्या आजही कमी वेगाने धावतात. डोंगराचा स्वभाव ठाऊक असूनही महामार्गाने तो पुन्हा उभाच कापला, हा दोष अज्ञानाचा नाही.

बोगदे आणि उंच पूल महाग पडतात, असे म्हटले जाते. हिशेब उद्घाटनापाशी थांबवला तर पडतातच. पण दरवर्षी उपसायची दरड, पुन्हा बांधायची संरक्षक भिंत, अडकलेली वाहतूक आणि आटलेली विहीर त्याच वहीत मांडा, मग बोला. कशेडीत सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा याच महामार्गावर खणला गेला, तेव्हा तंत्राची सबबही उरत नाही. राहिले झाडे पुन्हा लावण्याचे आश्वासन: जुन्या वडाच्या मुळांनी धरलेली माती हातभर रोपटे धरू शकत नाही.

आता कोकण द्रुतगती महामार्गाचा प्रस्ताव पुढे आहे. आखणी पक्की करण्याआधी प्रत्येक कटिंगच्या वरचे झरे आणि खालच्या वाड्या नकाशावर दाखवा, आणि तो नकाशा त्या त्या ग्रामसभेपुढे ठेवा.