कुलूप शाबूत होते

गेल्या दिवाळीत यमुनानगरमधल्या आमच्या एका शेजाऱ्याचे घर फुटले. मंडळी गावी, सांगलीकडे गेली होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी परतली तो दार नुसते लोटलेले. आत कपाट सताड उघडे, कपड्यांचा ढीग आणि मुलीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षे जमवलेले सोने नाहीसे. निरोप आला तसा मी धावलो. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नका, एवढेच मला सांगायला सुचले. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, कुलूप तर तसंच आहे की हो!"

कुलूप खरोखरच तसेच होते. पितळेचे, जाडजूड, सात लिव्हरचे. कोयंड्यात अडकवलेले, आणि त्या कोयंड्यासकट उंबऱ्यापाशी पडलेले. ते कुलूप त्यांना मीच निवडून दिले होते. दुकानात चार कुलपे हातात तोलून, "हे काही तुटायचं नाही," असे छातीठोकपणे सांगितले होते. माझा शब्द अक्षरशः खरा ठरला, याचे मला आजतागायत वाईट वाटते.

कारण मी तीस वर्षे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काढली. कुठला तुकडा किती जोर सोसेल आणि आधी कुठे तुटेल, हे पाहण्याचाच माझा धंदा. पण ज्या चार स्क्रूंनी तो कोयंडा दाराला धरून ठेवला होता, ते एकदा उघडून बघावेत असे मला वाटले नाही. पाऊण इंची स्क्रू, तेही पावसाळ्यांनी पिचलेल्या लाकडात. त्याला पहार कशाला हवी? जाडसा स्क्रू-ड्रायव्हर आणि मनगटात थोडी ताकद पुरते.

"बंद घराचा कडीकोयंडा उचकटून चोरट्यांनी ऐवज लंपास केला" हे वाक्य वर्तमानपत्रात आपण इतक्यांदा वाचले आहे की त्याचा अर्थच आपल्यापर्यंत पोचत नाही. त्या वाक्यात कुलूप फोडल्याचा उल्लेखही नाही! अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, अलीगढची कुलपे तर घरोघरी आहेत. म्हणजे चांगल्या कुलपांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. पण कुलूप ज्याला लावायचे, त्याच्याकडे आपण बघत नाही.

कायदा करणाऱ्यांना चोर आपल्यापेक्षा अधिक कळला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेने घरफोडीचे सहा प्रकार सांगितले. भिंतीला भोक पाडून शिरणे, खिडकीतून शिरणे, माणसांच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे, हे सगळे त्यात आहे. उदाहरणे तर वाचण्यासारखी आहेत. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणारा एक आहे, घरमालकाची हरवलेली किल्ली सापडली म्हणून तिनेच दार उघडणारा दुसरा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी ही व्याख्या जवळजवळ तशीच राहिली आहे. चोराच्या वाटा तेव्हाच्याच आहेत.

लांब कशाला जा, आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग घ्या. १६६० साली शाइस्तेखानाने वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला पन्नासहून अधिक दिवस झुंजवला. किल्ला पडला तो दरवाजा फुटला म्हणून नव्हे. मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून तो सुरुंगाने उडवला. मोठ्या चोराने तिथेही दाराशी वेळ घालवला नाही.

असो. त्या घटनेनंतर मी आमच्या ओळीतली दारे तपासत सुटलो. निवृत्त माणसाला काम हवेच असते. बहुतेक ठिकाणी तेच. कोयंड्याचे स्क्रू काढून टाकले आणि आरपार बोल्ट घातले. बाहेर गोल डोक्याचे कॅरेज बोल्ट, ज्यांना बाहेरून पाना लागत नाही. आतून लोखंडी पट्टी, वायसर आणि नट. कोयंडाही असा घ्यावा की कुलूप लागल्यावर त्याची पट्टी स्वतःच बोल्टची डोकी झाकून टाकते. एका दाराला दोन-तीनशे रुपयांच्या वर खर्च आला नाही. ड्रिल मशीन माझे, चहा त्यांचा.

दार घट्ट झाले की चोर चौकटीकडे वळणार. चौकट भिंतीत होल्डफास्टवर उभी असते आणि हल्लीच्या इमारतींमध्ये ते कसे बसवतात, हे मी जवळून पाहिले आहे. न बोललेले बरे. कडी जिथे शिरते ती पट्टी अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर ठेवू नका. तीन इंची स्क्रू लाकूड ओलांडून भिंतीतल्या प्लगमध्ये जाऊ द्या. सेफ्टी डोअर बाहेर उघडत असेल तर त्याच्या बिजागऱ्या बाहेर असतात. दार बंद असतानाही पिन ठोकून काढता येते. पिनेची टोके वेल्डिंगवाल्याकडून दाबून घेतली की पाच मिनिटांचे काम. ॲल्युमिनियमची सरकती खिडकी वर उचलली की रुळातून निघते, कारण ती बसवतात तशीच. खिडकी बंद करून वरच्या रुळात एक स्क्रू अर्धा बाहेर राहील असा मारा, खालच्या रुळात मापाची काठी ठेवा. काठीला पैसे पडत नाहीत.

बाहेर लोंबणाऱ्या कुलपाबद्दलही माझे मत आता बदलले आहे. ते रस्त्यावरून दिसते आणि "घरात कोणी नाही" एवढेच ओरडून सांगते. त्यापेक्षा दारातच बसणारे लॅच बरे. बंद दारामागे माणूस आहे की नाही, हे बाहेरच्याला कळत नाही.

आमच्या गावाची एक खास खोड म्हणजे किल्ली. नवरा पहिल्या पाळीला, बायको जनरलला, मुलगा दुसऱ्या पाळीला, आणि किल्ली मीटरच्या पेटीत, तुळशीच्या कुंडीखाली नाहीतर चपलांच्या कपाटात. हे कोणाला ठाऊक नाही? प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली करून द्यायला किती लागतात? पूर्वी एक सोय होती. तिसरी पाळी करून आलेला माणूस दिवसा घरी झोपलेला असे, जरा खुट्ट झाले की शिव्या घालत बाहेर येई. असा राखणदार आळीला फुकटात मिळायचा. चाकण, महाळुंगे, निघोजे भागातल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये अजून असे लोक राहतात. पण उकाड्याने दार उघडे टाकून झोपतात आणि उशाचा मोबाइल जातो. तिथे मालकाने आतून कडी असलेले जाळीचे दुसरे दार बसवले पाहिजे. भाडे घेताना त्याला एवढे सुचत नाही.

कॅमेऱ्यांचे सध्या फार कौतुक आहे. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. पण सैल कोयंड्यावर रोखलेला कॅमेरा चोराचा फोटो काढतो, त्याचा हात धरत नाही. आणि त्या फोटोत बहुधा टोपी आणि मास्कच असतो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली, ती. त्या चोरीनंतर आमच्या ओळीत ग्रिलची लाट आली. बाल्कनी, खिडक्या, मागचे दार, सगळे वेल्डिंग करून बंद. मीही माझ्या दोन्ही बाल्कन्यांची मापे देऊन आलो होतो. ऑर्डर पक्की करायच्या आदल्या रात्री मला चिखलीच्या पूर्णानगरची आग आठवली. ३० ऑगस्ट २०२३ ची पहाट. हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली आणि पोटमाळ्यावर झोपलेल्या कुटुंबातले चौघे गेले, त्यात दोन मुले. बाहेर पडायला वाट नसली की काय होते, हे तिथे साऱ्या शहराने पाहिले. दुसऱ्या दिवशी मी वेल्डरला सांगितले, प्रत्येक ग्रिलला माणूस निघेल एवढी खिडकी ठेव, बिजागरी आणि कुलपासकट. तो म्हणाला, "काका, मग ग्रिल कशाला? तिथूनच येईल की चोर." त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण चोर नेईल ते पुन्हा जमवता येते. शेजाऱ्याचे गेलेले सोने डोळ्यांसमोर असूनही मी हे लिहितो आहे.

खिडकीची किल्ली कुठे ठेवायची हा वाद घरात दोन दिवस चालला. बाहेरून गजातून हात घालून पोचता कामा नये, आणि आतल्या माणसाला अंधारात, धुरातही सापडली पाहिजे. शेवटी दाराआडच्या भिंतीवर एक खिळा ठोकला. परवा नातवाला डोळे मिटून ती किल्ली काढायला सांगितली. भिंत चाचपडत तो बरोबर जागी गेला, टाचा उंचावल्या, तरी हात पोचेना. "आजोबा, स्टूल आणू?" त्याने विचारले. मी पक्कड आणली, खिळा उपटला आणि दीड वीत खाली ठोकला.