खळे पाहा, सूर्याकडे पाहू नका

सूर्याभोवती गोल कडे दिसले की काही घरांत अपशकुन म्हणून मुलांना गॅलरीतून आत बोलावले जाते. काही जण मात्र मान वर करून थेट सूर्याकडेच बघत राहतात. २४ मे २०२१ रोजी बंगळूरुच्या आकाशात असे कडे दिसले, तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर पसरली. ते कसे पाहावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

या कड्याला मराठीत 'खळे' म्हणतात. आकाशात खूप उंचावर, साधारण सहा किलोमीटरच्या वर, पातळ ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात. खाली गिरगावात घामाच्या धारा लागल्या असल्या, तरी तिथे बर्फच असतो. या स्फटिकांतून जाताना प्रकाश सुमारे २२ अंशांनी वळतो आणि सूर्यापासून तेवढ्या अंतरावर वर्तुळ दिसते. त्याची आतली कड लालसर असते. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांमुळे आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला दिसते. म्हणून संध्याकाळी दादर चौपाटीवर ते शोधायचे, तर समुद्राकडे पाठ करून परळच्या दिशेला पाहावे लागते.

खळे पडले की पाऊस येतो, या जुन्या समजाला थोडा आधार आहे. असे ढग कधी कधी पावसाळी हवेच्या आधी येतात. पण हमी नसते. संकटाशी तर खळ्याचा काहीच संबंध नाही.

धोका आहे तो मधल्या सूर्याचा. पातळ ढगामुळे तो सौम्य भासतो आणि नजर त्यावर रेंगाळते. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत. इजा झाल्याचे काही तासांनी लक्षात येते आणि काही वेळा ती कायमची राहते. साधा गॉगल किंवा जुनी एक्स-रे फिल्म यांचा उपयोग नाही.

सकाळी किंवा दुपारनंतर सूर्य चाळीच्या छपराआड येईल असे सावलीत उभे राहा आणि कडेचे वर्तुळ पाहा. मेमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा भिंतीचा आडोसा मिळत नाही. त्या वेळी पाहणे टाळलेलेच बरे.

शाळांनी मुलांना दारे-खिडक्या बंद करून बसवू नये. शिक्षकांसोबत पाच मिनिटे मैदानावरच्या सावलीत न्यावे. पाहिल्यानंतर कोणाला मधोमध काळा डाग दिसू लागला किंवा अक्षरे वाकडी दिसली, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.