थकलेली घरेच मदत मागतात

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आधारसेवा घेणारी कुटुंबेच अधिक तणावात दिसतात, म्हणून त्या सेवा निरुपयोगी, हा गेल्या अंकातील पत्राचा निष्कर्ष उलटा आहे. घरे मदत मागतात तीच मुळी पाणी गळ्याशी आल्यावर. सेवेचा गुण पारखायचा तर कोणाला ती आधी मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. गोव्यात तसे झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ८१ कुटुंबे होती. प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी जाऊन माहिती, सल्ला, धीर देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य लक्षणीय सुधारले. रुग्णाच्या वागण्यात तेवढा फरक पडला नाही, हे खरे. पण सांभाळणाराही माणूसच आहे! महाराष्ट्र शासनाने असे कार्यकर्ते नेमावेत, मात्र आधीच वाकलेल्या आशाताईंवर हे ओझे टाकू नये.